पाण्याकडे बोट, हाडांत उत्तर

डिसेंबर २०२४ संपत आला तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हातात येणारे पुंजके आणि चार-सहा दिवसांत टक्कल. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावे राज्यभराच्या बातम्यांत आली. म्हातारी माणसे, तरुण बायका, शाळकरी पोरे, कुणीच सुटले नाही. गावकऱ्यांनी पहिले बोट दाखवले ते पाण्याकडे, आणि ते स्वाभाविकच होते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या विहिरी आणि बोअर किती खारट पाणी देतात, हे तिथे नांदायला आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या आठवड्यात कळते. किडनीच्या दुखण्यांचा दोषही याच पाण्याला दिला जातो.

पाण्याचे नमुने गेले, त्वचेचे गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे म्हणजे आयसीएमआरचे पथक येऊन गेले. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि महाडला राहून विंचूदंशावर जगाला उपचार देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांचा अभ्यास केला. त्यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. पाण्याकडे दाखवलेले बोट जेवणाच्या ताटाकडे वळले.

एका गावात अनेकांना एकच दुखणे होते तेव्हा तपासणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. सगळे मिळून काय खातात-पितात ही एक, आणि कोण कुणाच्या नात्यातले आहे ही दुसरी. शेगावची लक्षणे पहिल्या वाटेकडे नेणारी होती. दुखणे अचानक आले, नात्यागोत्याचा विचार न करता आले आणि सगळ्या वयांना एकदम धरून आले. पण पन्नास वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या एका खेड्यात लोकांनी असेच अन्नाकडे बोट दाखवले होते आणि उत्तर मात्र दुसऱ्या वाटेवर सापडले. ते शोधणाऱ्यांमध्ये डॉ. शुभा फडके आणि डॉ. राजेंद्र फडके ही दोन मराठी नावे आहेत. हाडांच्या दुर्मीळ आनुवंशिक रोगांवरचे हे काम मराठी वाचकाला, त्यातही बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या वाचकाला, ठाऊक असायला हवे. कारण असे रोग असलेली मुले आपल्याही तालुक्यांत जन्मतात आणि बहुतेकदा निदानावाचून मोठी होतात.

हंदिगोडूचे खेकडे

हंदिगोडू हे शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातले गाव. मलनाडचा हा मुलूख भरपूर पावसाचा, सुपारीच्या बागांचा आणि भाताच्या खाचरांचा. १९७४-७५ च्या सुमारास इथल्या शेतमजूर कुटुंबांतला एक आजार डॉक्टरांच्या नजरेस आला. धडधाकट वाटणाऱ्या माणसांचे खुबे आणि गुडघे दुखू लागत. दुखणे वाढत जाऊन माणूस कमरेत वाकून चाले, पुढे काठी लागे, काहींना तर बसल्या जागी सरकत जाण्यावाचून इलाज उरत नसे. काही मुलांची उंचीच वाढत नव्हती. शिवमोग्गा आणि चिकमगळूर जिल्ह्यांतल्या आणखी गावांतही असे रुग्ण आढळले. बाधित कुटुंबे प्रामुख्याने चनंगी आणि चलुवादी या दोन दलित समाजांतली होती.

तो हरितक्रांतीचा काळ. नव्या भातबियाण्यांबरोबर कीटकनाशकेही नव्याने खाचरांत उतरली होती. मजूर कुटुंबे त्याच खाचरांतले खेकडे पकडून खात. गरिबाच्या जेवणात तेवढाच काय तो मांसाचा घास. कीटकनाशकाने भरलेल्या खेकड्यांमुळे सांधे झिजतात, असा संशय बळावला आणि वर्तमानपत्रांतून तो देशभर गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारी आणि भट यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रोगाला दिलेल्या नावातच तो मलनाडमधला आणि 'कौटुंबिक' संधिवात असल्याची नोंद होती. म्हणजे रोग घराण्यांमधून फिरतो आहे हे दिसत होते. ते अन्नामुळे की रक्तामुळे, हा वाद उरला होता.

एका घरातली माणसे एकाच चुलीवरचे खातात. त्यामुळे घरातल्या चौघांना एकच आजार झाला म्हणून तो आनुवंशिक ठरत नाही. दुसरीकडे, खेकडे तर सगळ्याच मजुरांच्या घरी शिजत होते, मग काहीच घराणी का वाकली? ही गाठ नुसत्या तर्काने सुटत नाही. त्यासाठी दारोदार जाऊन वंशावळी लिहाव्या लागतात आणि माणसागणिक हाडांचे एक्स-रे पाहावे लागतात.

लखनौची मंडळी मलनाडात

आयसीएमआरच्या पुढाकाराने ते काम झाले. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत (एसजीपीजीआय) डॉ. एस. एस. अगरवाल यांनी वैद्यकीय आनुवंशिकीचा विभाग उभारला होता. असा विभाग तेव्हा देशात दुर्मीळ होता. शुभा फडके त्याच विभागातल्या, तर राजेंद्र फडके तिथल्याच क्ष-किरणशास्त्राचे डॉक्टर. पथकात मेरठचे डॉ. एस. पी. एस. तेवतियाही होते. फ्लोराइड आणि हाडे यांच्या संबंधावर त्यांनी आयुष्य घालवले होते. ही निवड महत्त्वाची होती, कारण गावात हाडांचे दुखणे दिसले की फ्लोराइडचा संशय नाकारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांना फ्लोराइडची ओळख आहे. त्या पाण्याने हाडे एक्स-रेवर जास्तच पांढरी, दाट दिसतात. मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांत चुना साचतो आणि हाताच्या पुढच्या भागातल्या दोन हाडांमधल्या पडद्यावरही तो चढतो. हंदिगोडूच्या एक्स-रेवरचे चित्र निराळे होते. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या हाडांची टोके, म्हणजे बालपणी जिथून हाड वाढते तो भाग, चपटी आणि वेडीवाकडी होती. मणके बसके होते. ही हाडे पुढे बिघडली नव्हती, घडतानाच चुकली होती.

१९९४ मध्ये 'स्केलेटल रेडिओलॉजी' या नियतकालिकात या पथकाचा शोधनिबंध आला. त्यात रोगाचे तीन प्रकार नोंदले आहेत. पहिल्यात उंची सर्वसाधारण, पण खुबे अकाली झिजलेले. दुसऱ्यात खुब्यांच्या झिजेबरोबर उंची कमी, आणि ती मुख्यतः धडाची. तिसऱ्यात उंची फारच खुजी आणि गुडघे वाकलेले. वंशावळींनी उरलेले उत्तर दिले. हा रोग आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून उतरतो, मुलाला आणि मुलीला सारखाच, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. शास्त्रीय भाषेत हा ऑटोसोमल डॉमिनंट वारसा. शेतातले खेकडे निर्दोष ठरले.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांताच्या उत्तर टोकाला म्सेलेनी नावाचे ठिकाण आहे. तिथल्या लोकांच्या सांध्यांचा असाच एक विकार १९७० पासून वैद्यकीय साहित्यात नोंदला आहे. १९९७ मध्ये अगरवाल आणि शुभा फडके यांनी म्सेलेनीचे डॉ. व्हिक्टर फ्रेडलुंड आणि केपटाउनचे आनुवंशिकीतज्ज्ञ पीटर बेटन यांच्यासह दोन्ही रोग शेजारी ठेवून तपासले. सागर तालुक्यातल्या मजुराचा खुबा आणि झुलू शेतकरणीचा खुबा एकाच निबंधात आला, तो एका साध्या प्रश्नासाठी: हे दोन्ही एकच आहेत का? दुर्मीळ रोगांचे शास्त्र याच प्रश्नावर उभे आहे. एका गावात उत्तर मिळत नाही, म्हणून ज्ञान महासागर ओलांडून जुळवावे लागते.

बोटांची पेरे जाड झालेले मूल

हाडांच्या घडणीच्या अशा विकारांना स्केलेटल डिस्प्लेझिया म्हणतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्यांची संख्या ७७१ आहे आणि त्यांच्याशी निगडित जनुके ५५२. एकेक रोग दुर्मीळ, पण सगळे मिळून दुर्मीळ नाहीत. बुलढाण्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाकडे आयुष्यात यातली काही मुले येऊन जाणारच. ती ओळखली जातात का, हा खरा प्रश्न आहे.

यातला एक रोग भारतात तुलनेने बराच आढळतो. त्याचे नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिस्प्लेझिया, डॉक्टरांच्या बोलण्यात पीपीडी. मूल तीन वर्षांपर्यंत छान चालते-धावते. मग तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान बोटांची पेरे जाड दिसू लागतात, सकाळी हात आखडतात, थोड्याच काळात खुबे आणि गुडघेही कुरकुरतात. डॉक्टरांना लहान मुलांचा संधिवात वाटतो आणि स्टेरॉइड सुरू होते, मेथोट्रेक्सेट सुरू होते. वर्षे जातात, सांधे मात्र आखडतच राहतात. कारण इथे सूज नाहीच. रक्तातली सूज दाखवणारी मापे, ईएसआर आणि सीआरपी, दोन्ही नॉर्मल. पेरे जाड दिसतात ती हाडाची टोके रुंदावल्यामुळे. मणक्याचा बाजूने काढलेला एक एक्स-रे आणि हातांचा एक एक्स-रे एवढ्यावर जाणकार डॉक्टर रोग ओळखू शकतो.

या रोगाचे जनुक १९९९ मध्ये सापडले. त्याला तेव्हा विस्प-३ म्हणत, आता सीसीएन-६ म्हणतात. सांध्यांच्या कूर्चेची निगा राखण्याचे काम त्याच्याकडे आहे. भारतीय कुटुंबांतल्या या जनुकाचा तपास दोन ठिकाणी झाला. हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत डॉ. अश्विन दलाल यांच्या गटाने तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, तर मणिपालमध्ये डॉ. गिरीश कट्टा यांच्या गटाने २०१५ मध्ये. दोघेही लखनौच्या त्याच विभागात शिकून गेलेले. भारतीय रुग्णांमध्ये जनुकातले दोन ठरावीक बदल पुन्हा पुन्हा दिसतात, हे या कामातून पुढे आले. त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. पूर्ण जनुक वाचण्याआधी त्या दोन जागा पाहिल्या तरी अनेक कुटुंबांना उत्तर मिळते, आणि तेही कमी पैशांत.

पीपीडी थांबवणारे औषध अजून नाही. तरीही नाव कळल्याने त्या मुलाच्या आयुष्यात खूप काही बदलते. नको असलेले स्टेरॉइड बंद होते, आणि स्टेरॉइड हाडे पोखरते, वाढ खुंटवते, हे लक्षात घेतले तर ही थोडी गोष्ट नाही. फिजिओथेरपी वेळेवर सुरू होते. खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया कधी करायची याचा विचार आधीच करता येतो. पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत असा वर्ग शाळेकडे मागता येतो. आणि आईवडिलांना पुढच्या गरोदरपणाआधी विचार करायला वेळ मिळतो.

पुन्हा पुन्हा मोडणारे हाड

दुसरा रोग ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. मूल कुशीवर वळले तरी मांडी मोडते. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. काही मुले तर जन्मतानाच मोडलेली हाडे घेऊन येतात. हाड म्हणजे घराचा स्लॅब समजला तर खनिजे हे त्यातले सिमेंट आणि कोलॅजेन ही सळई. या रोगात बहुतेकांची सळईच सदोष असते. टाइप-१ कोलॅजेन घडवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात खोट असते. अशा घरात कॅल्शियमच्या गोळ्यांचा ढीग पडतो, म्हणजे सिमेंटवर सिमेंट. मूल मात्र मोडतच राहते. त्यात शेजारीपाजारी कुजबुजतात की मारतात वाटते पोराला.

इथे औषध आहे. १९९८ मध्ये माँट्रियलच्या डॉ. फ्रान्सिस ग्लोरिउ यांच्या गटाने पॅमिड्रोनेट सलाइनमधून दिल्यावर या मुलांची हाडे घट्ट होतात, मोडणे कमी होते आणि वेदना उतरतात हे दाखवले. त्याच कुळातले झोलेड्रोनेट आता जगभर वापरले जाते. म्हाताऱ्यांच्या ठिसूळ हाडांसाठी ते आपल्याही मेडिकल दुकानांत मिळते. डोस आणि वेळापत्रक तज्ज्ञाने ठरवून दिले तर हे सलाइन जिल्हा रुग्णालयात लावता येण्यासारखे आहे. अडचण औषधाची नाही, हे मूल कुणाच्या तरी लक्षात येऊन ओळखले जाण्याची आहे.

वंशवृक्षाचा कागद

आनुवंशिकीच्या ओपीडीत तपासणी कागद-पेन्सिलीने सुरू होते. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. आजारी असेल तर आतून काळे. लग्नाची एक रेघ, आणि नवराबायको नात्यातले असतील तर दुहेरी. किमान तीन पिढ्या. बाळ लहानपणी गेले असेल तर तेही. मग टेप निघतो. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर, बसलेली उंची, कमरेखालची उंची. प्रौढ माणसात हातांचा पसारा उंचीच्या जवळपास असतो. हात पसरल्यावर ते अंतर उंचीहून बरेच जास्त निघाले तर धड आखूड आहे, बरेच कमी निघाले तर हातपाय. एवढ्या साध्या मोजमापाने सातशे शक्यतांमधल्या शेकडो बाजूला पडतात. शुभा फडके यांनी या पद्धतीचे शिक्षण डॉक्टरांच्या पिढ्यांना दिले. डॉक्टरांसाठीच्या पुस्तकातून आणि 'जेनेटिक क्लिनिक्स' या पत्रिकेतून त्यांनी हा विषय साध्या बालरोगतज्ज्ञापर्यंत नेला. जनुक वाचणारी यंत्रे आता देशात भरपूर झाली. यंत्राने दिलेल्या यादीतले कोणते अक्षर या मुलाच्या हाडाशी जुळते, हे ठरवायला मात्र हाड पाहिलेले डोळेच लागतात.

दुहेरी रेघ हा आपल्याकडचा नाजूक विषय. मामाच्या मुलीशी लग्न ही विदर्भात आणि मराठवाड्यात अनेक समाजांत रूढ गोष्ट आहे, आणि त्यामागे शेती, माहेर आणि विश्वास यांचे व्यवहार आहेत. सख्ख्या मामे-आतेभावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा समान असतो. एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि पीपीडीसारखा रोग तेव्हाच प्रकट होतो. तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याची शक्यता चारात एक. अशा बहुसंख्य जोडप्यांना निरोगी मुले होतात. म्हणून डॉक्टरांचे काम दटावण्याचे नाही, घरात आधी असे मूल जन्मले असेल तर तपासणीची वाट दाखवण्याचे आहे.

आणि आईचे काय? मूल खुजे किंवा वाकडे जन्मले की ग्रहणात बाहेर पडलीस, अमुक खाल्लेस, कुणाची करणी झाली, ही सगळी वाक्ये तिच्याच वाट्याला येतात. अॅकॉन्ड्रोप्लेझिया या रोगात हातपाय आखूड, डोके मोठे आणि बुद्धी शाबूत असते. त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. अशा मुलांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांचे दोन्ही पालक सर्वसाधारण उंचीचे असतात. बदल त्या मुलात नव्याने झालेला असतो आणि तो वडिलांच्या वाढत्या वयाशी जोडलेला आढळला आहे. पीपीडीत दोष दोघांकडून अर्धा-अर्धा येतो. कुठल्याही वंशावळीत ग्रहणासाठी खूण नाही. एका कागदाने त्या बाईच्या डोक्यावरचे ओझे उतरते, हे मला या शास्त्राचे सर्वांत मोठे काम वाटते.

मलकापूर स्टेशनापर्यंतची वाट

बुलढाण्यातल्या मुलासाठी आज काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्याच पालघरहून. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, शून्य ते अठरा वयाची मुले पाहतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्याच्या एकवीस दिव्यांगत्वांत खुजेपणाचा स्वतंत्र समावेश आहे आणि प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची ही त्याची व्याख्या आहे. दुर्मीळ रोगांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. त्याखाली मुंबईत परळचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे आणि यादीतल्या रोगांना पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. हाड दगडासारखे दाट होऊन अस्थिमज्जा कोंडणारा ऑस्टिओपेट्रोसिस त्या यादीच्या पहिल्या गटात आहे, कारण वेळेत केलेल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने त्यातले मूल वाचू शकते. २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

म्हणजे अंगणवाडीतली पहिली पायरी आहे आणि परळची शेवटची आहे. मधल्या पायऱ्या बांधायच्या आहेत. संग्रामपूरच्या शेतमजुराने वाकत्या पायांच्या मुलीला घेऊन मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी पकडायची, दादरला उतरायचे, रांगेत नंबर लावायचा, तारीख घेऊन परतायचे आणि प्रत्येक वेळी मजुरी बुडवायची, ही योजना नव्हे. हंदिगोडूला लखनौचे डॉक्टर मजुरांच्या दारात गेले, म्हणून उत्तर सापडले. शेगावच्या केसांसाठीही पथके गावात आली, म्हणून तपास पुढे सरकला. एकेकट्या दुर्मीळ मुलासाठी बातमी होत नाही, पथक येत नाही. त्याच्यासाठी व्यवस्था कायमचीच असावी लागते.

ती महागडी नाही. बालआरोग्य पथकाच्या तपासणीत हातांचा पसारा आणि बसलेली उंची या दोन मापांची भर. संशय आला की मणका, कंबर आणि हात यांचे ठरावीक एक्स-रे. ते फोनवरून पाहणारा केईएम किंवा नागपूरचा तज्ज्ञ. बुलढाण्याच्या नव्या महाविद्यालयात महिन्यातून एकदा आनुवंशिकीची ओपीडी. आणि प्रत्येक मुलाची, प्रत्येक वंशावळीची नोंद जिल्ह्यातच राहील अशी एक वही. कोणत्या तालुक्यात कोणता बदल पुन्हा पुन्हा दिसतो, हे त्या वहीतून पाच-दहा वर्षांत कळेल, जसे पीपीडीचे दोन बदल कुटुंबामागून कुटुंब तपासल्यावरच कळले.

आनुवंशिक म्हणजे नशिबाचे, तिथे करण्यासारखे काय, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मलनाड, लखनौ, हैदराबाद आणि मणिपाल इथल्या कामाने याचे उत्तर दिले आहे. जनुक बदलता आले नाही तरी चुकीचे औषध थांबवता येते, मोडणारे हाड सावरता येते, पुढच्या बाळाचा निर्णय डोळसपणे घेता येतो आणि आईवरचा आळ पुसता येतो. यातले प्रत्येक काम नेमक्या निदानापासून सुरू होते. ते निदान मिळण्याचा हक्क परळजवळ राहणाऱ्या मुलाइतकाच संग्रामपूरच्या मुलीचा आहे, आणि तो तिला तिच्या जिल्ह्यात मिळवून देणे हे नव्या महाविद्यालयाचे पहिल्या काही कामांपैकी एक असायला हवे.